मंडळाचा नवा संगणक : निवड आणि जबाबदारी

(मंडळाच्या मेढा येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विद्याप्रसार, विवाहातील खर्च, वसतिगृह अशा थोर विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत ‘जुना संगणक काढून लॅपटॉप कोणता घ्यावा’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहावे, याचे कित्येकांस हसू येईल. परंतु कार्यकारी मंडळाने या खरेदीची चौकशी आमच्यावर सोपविली होती. ज्यांच्या वर्गणीतून ही वस्तू यावयाची, त्यांना ती कोणत्या विचाराने निवडली हे कळणे न्याय्य आहे. शिवाय आपणांपैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. तेव्हा आपला थोडा वेळ घेण्याची परवानगी असावी.

मंडळाच्या कचेरीतील संगणक २०१३ साली मुंबईस्थ बांधवांच्या वर्गणीतून आला. त्याने आपली सेवा इमानेइतबारे केली. आज तो सुरू करावयाचा म्हणजे कळ दाबून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, आणि मग कामास बसावे, अशी स्थिती आहे. केवळ मंदपणाचा दोष असता तर आम्ही तो सोसला असता. गेल्या पावसाळ्यात मात्र असा प्रसंग आला की, आमची झोप उडाली. आपल्यातील एका मुलीस महाविद्यालयीन प्रवेशासाठी मंडळाने मागील दोन वर्षे दिलेल्या साहाय्याचा दाखला हवा होता. मुदतीचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. त्या सायंकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. आणि त्यानंतर संगणक सुरूच होईना. शेवटी जुनी पावतीपुस्तके उघडून, कंदिलाच्या उजेडात आकडे जुळवून, हाताने दाखला लिहिला आणि मुलीचे काम झाले. संगणक साताऱ्यास नेला, तो आठ दिवसांनी चालू होऊन परत आला. परंतु दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने निरोप दिला की, आतील चकतीचा यापुढे भरवसा धरू नका.

हा निरोप ऐकून पोटात गोळा आला तो यंत्रासाठी नव्हे. त्या चकतीवर मंडळाची कुटुंबनोंद आहे, आणि ती त्या एकाच ठिकाणी आहे, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

ही नोंद म्हणजे काय, हे तरुणांना सांगितले पाहिजे. कोयनेचे धरण बांधले गेले आणि शिवसागराचे पाणी मागे आपल्या जावळीच्या खोऱ्यात चढले, तेव्हा कित्येक घराणी आपली गावे सोडून गेली. कोणी ठाण्याकडे, कोणी तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, तर कोणी थेट सोलापूरच्या उन्हात जाऊन वसले. पुढे वेण्णेवर कण्हेरचे धरण झाले, तेव्हाही तेच घडले. पोटासाठी मुंबईस गेलेल्यांची तर गणतीच नाही. कोण कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, कोणाचे मूळ गाव पाण्याखाली गेले, कोणत्या घरात शिकणारी मुले आहेत आणि कोणत्या घरी कमावते माणूस उरले नाही, हे सारे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर हिंडून या नोंदीत उतरविले आहे. पूर्वी आपल्या भागात हेळवी बैलावर चोपड्या लादून येत आणि घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या वाचून दाखवीत. आज त्या चोपडीची जागा संगणकाने घेतली आहे. म्हणून संगणक निवडणे हे या दप्तराचे घर निवडणे आहे, या दृष्टीने आम्ही चौकशीस लागलो.

आणखी एक निकडीचे कारण होते. या संगणकातील विंडोज १० या प्रणालीस तिच्या निर्मात्यांनी दिलेली सामान्य संरक्षणाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणारांस त्यापुढे वर्षभराची सवलत मिळाली खरी. परंतु सवलतीवर संसार चालत नाही. पुढील विंडोज ११ ही प्रणाली निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-योजना मागते, आणि ठराविक पिढीपुढील प्रक्रियकांवरच चालते. आपला संगणक या परीक्षेस बसूच शकत नाही.

आता पहिला प्रश्न असा की, पुन्हा टेबलावरचाच संगणक का घेऊ नये? आमच्यातील एका वडील सभासदांनी हा पक्ष जोराने मांडला, आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते. तेवढ्याच शक्तीचा टेबलावरचा संगणक बहुधा स्वस्त पडतो. त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. त्याचा पडदा मोठा असतो, मान वाकवावी लागत नाही, तो हातातून पडत नाही आणि काखोटीस मारून कोणी नेत नाही. ज्या कचेरीत वीज अखंड आहे आणि माणूस एकाच जागी बसून काम करतो, तेथे आम्हीही हाच सल्ला देऊ.

परंतु आपली कचेरी मेढ्यास आहे. आषाढ-श्रावणातला येथील पाऊस आपणांस सांगावयास नको. धुके उतरले की दिवस-दिवस सूर्य दिसत नाही, वारा सुटला की तारा तुटतात, आणि केळघर घाटात दरड आली की दुरुस्तीचे माणूसही अडकून पडते. संगणकास जोडलेला यूपीएस नवा असताना दहा-पंधरा मिनिटे तग धरीत असे. आता शिट्टी वाजवितो आणि प्राण सोडतो. उलट लॅपटॉपच्या पोटातच बॅटरी असते. साधारण ५० वॅट-तासांची बॅटरी आणि लिहिण्यावाचण्याच्या कामास सुमारे १० वॅटचा खर्च धरला तर पाच तास काम चालते. वीज गेल्याचे कळावयाचे ते डोक्यावरचा दिवा विझल्यामुळेच!

दुसरे कारण आम्हास याहून मोठे वाटते. नोंदीतील जुनी माहिती ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. बामणोलीकडच्या आजोबांनी लाँचने व एस. टी.ने मेढ्यास येऊन आपल्या आजोळची नावे सांगावीत, ही अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. दप्तराने त्यांच्या ओटीवर गेले पाहिजे. त्यांच्यासमोर नावे वाचावीत, चूक तेथेच दुरुस्त करावी, घरातील जुन्या कागदाचे छायाचित्र तेथेच जोडावे. हे काम टेबलावरचा संगणक करू शकत नाही. येथे तराजूचे पारडे झुकले, आणि वडील सभासदांनीही मोठ्या मनाने संमती दिली.

जगात उचलून नेण्याचा संगणक काही आजचा नाही. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न १ नावाचा असा संगणक निघाला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंचांचा! शिवणयंत्राच्या पेटीप्रमाणे तो हातात धरून नेत. आज दीड किलोचे यंत्र पिशवीत मावते. ही सोय झाली. पण सोयीबरोबर निवडीचा गोंधळही वाढला. दुकानात पाऊल टाकताच विक्रेता इतके आकडे ऐकवितो की, खेड्यातील मनुष्य गांगरून जातो आणि ज्याची झळाळी अधिक ते घेऊन बाहेर पडतो.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार बैल घेणारा शेतकरी झुलीवर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या जमिनीस कसा बैल लागतो हे घरून ठरवून निघतो. आम्हीही आधी काम लिहून काढले : नोंद भरणे, पत्रे व दाखले लिहिणे, जमाखर्च ठेवणे, कागदपत्रांची छायाचित्रे साठविणे आणि मुंबईच्या शाखेशी दृक्संभाषण करणे. यात चित्रपट बनविणे नाही आणि खेळ खेळणेही नाही. आमच्या एका उत्साही तरुण मित्राने सप्तरंगी प्रकाशाच्या कळफलकाचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप सुचविला होता. त्याच्या उत्साहाचे आम्हास कौतुक आहे. परंतु तसल्या यंत्राची किंमत मोठी, वजन अधिक आणि बॅटरी लवकर संपणारी. ते आपल्या रानाचे जनावर नव्हे.

मग दात कोणते पाहावेत? पहिली पाहावयाची ती साठवण. जुन्या संगणकात फिरत्या चकतीची हार्ड डिस्क आहे. ती मिनिटास हजारो फेरे घेते आणि तिच्या पृष्ठापासून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. असली वस्तू घाटाच्या रस्त्याने एस. टी.तून नेणे धोक्याचे. एसएसडी नावाच्या नव्या साठवणीत हलणारा भाग नाही. ती धक्का सोसते आणि यंत्र क्षणात सुरू करते. किती मोठी घ्यावी याचा आम्ही हिशेब केला. एका पानाचे छायाचित्र ३ एमबीचे धरले तर दहा हजार पानांस ३० जीबी लागतात. म्हणून ५१२ जीबी आपणांस विपुल आहेत. त्याहून मोठीसाठी पैसे देण्याचे कारण नाही.

दुसरी रॅम, म्हणजे काम करताना यंत्र ज्या पाटावर कागद पसरते तो पाट. ८ जीबी आज पुरतील. १६ असल्यास पुढील काही वर्षांची निश्चिंती. आम्ही सुचविले आहे ते असे की, ८ जीबीचे घेतल्यास रॅम वाढविण्याची खाच आत मोकळी आहे, हे पावतीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. कित्येक सडपातळ यंत्रांत रॅम कायमची डाखलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. तिसरा प्रक्रियक, तो चालू पिढ्यांतला व मध्यम दर्जाचा असला म्हणजे झाले.

चौथा पडदा आणि कळफलक. नोंद भरणाराचे डोळे व मनगटे यांवरच सारे अवलंबून. पडदा १९२० बाय १०८० बिंदूंचा असावा, आणि बाजूने पाहिले तरी अक्षर फिके पडू नये. कारण ओटीवर तो चौघांनी मिळून पाहावयाचा आहे. आकार आम्ही १४ इंच ठरविला, म्हणजे वजन दीड किलोच्या आसपास राहते. कचेरीत मात्र जुन्या संगणकाचा पडदा, कळफलक व माऊस लॅपटॉपला जोडावयाचे. ते शाबूत आहेत; पडद्यासाठी एक लहानसा जोड घ्यावा लागेल एवढेच. अशा रीतीने मान वाकण्याची वडील सभासदांची तक्रारही दूर होते.

शेवटी पाहावयाचा तो खूर, म्हणजे दुरुस्ती. ज्या यंत्राचे अधिकृत दुरुस्तीकेंद्र साताऱ्यास आहे तेच घ्यावे. फार तर पुण्यापर्यंत जावे. तीन वर्षांची हमी मिळत असेल तर थोडे अधिक द्यावेत. तीन दुकानांतून एकाच दिवशी, १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून, लेखी भाव मागवावेत आणि पक्के बिल मंडळाच्या नावे घ्यावे. ज्यांचे घरचे अंदाजपत्रक लहान आहे त्यांनी कचेऱ्यांतून निघालेला, तपासून दुरुस्त केलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा मानू नये. मात्र तो विंडोज ११ चालविणारा असावा, बॅटरी नवी बसविलेली असावी आणि हमी कागदावर असावी. लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस हा संच विनामूल्य मिळतो. चोरीची प्रणाली वापरून मंडळाने आपल्या नावास बट्टा लावू नये.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत, तिकडे वळतो. आपणांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर मोडी लिपीतले कागद आहेत. खरेदीखते, वाटण्या, देवस्थानाच्या सनदा, काय असेल ते असो. पणजोबांनी ते लिहिले आणि आपणांस ते वाचता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत घरचाच कागद परका झाला. तीच गत आपल्या नोंदीची होऊ घातली आहे. आरंभीची नावे एका जुन्या फाँटमध्ये टंकित केलेली आहेत. तो फाँट ज्या यंत्रात नसेल तेथे ‘शंकर’ या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कोलाहल दिसतो. असे का? त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरास स्वतःचा क्रमांक नव्हता. रोमन अक्षराच्या क्रमांकावरच मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीस १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतंत्र क्रमांक मिळाले, आणि आता मोबाईलपासून मोठ्या यंत्रापर्यंत सर्वत्र तीच लेखनपद्धती चालते. तेव्हा नवा लॅपटॉप येताच पहिले काम म्हणजे जुनी नोंद युनिकोडमध्ये आणणे. रूपांतराची साधने आहेत; परंतु जोडाक्षरे व रफार चुकतात, म्हणून प्रत्येक नाव माणसाच्या डोळ्यांखालून गेलेच पाहिजे. ज्या गावाचे नाव आता फक्त कागदावरच उरले आहे, ते कागदावर तरी चुकता कामा नये.

दुसरे काम प्रतींचे. उत्तमात उत्तम यंत्रही एक दिवस बंद पडणार, चोरीस जाणार किंवा पाण्यात भिजणार, हे धरूनच चालावे. नोंदीच्या तीन प्रती ठेवाव्यात : एक लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर कचेरीहून वेगळ्या घरी, आणि तिसरी मुंबईच्या शाखेकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या ताज्या कराव्यात आणि उघडून वाचून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या धान्यावर वर्ष काढणे होय. शिवाय दर गुढीपाडव्यास संपूर्ण नोंद कागदावर छापून बांधून ठेवावी. कागदास वीज लागत नाही.

तिसरे काम विश्वासाचे. या नोंदीत लोकांचे दूरध्वनी, उत्पन्न, विधवा भगिनींचे बँक खाते, असा खाजगी मजकूर आहे. लोकांनी तो मंडळावर विश्वासून दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु कायदा नसता तरी आपल्यास लाज असलीच पाहिजे. म्हणून लॅपटॉप कोणाच्याही घरचा होऊ नये, अध्यक्षांच्याही नाही आणि आमच्याही नाही. तो बाहेर नेताना वहीत सही असावी. परवलीचा शब्द दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा आणि तिसरी प्रत लखोट्यात बंद करून ठेवावी. एकच माणूस जाणता असला आणि त्याचे बरेवाईट झाले, तर दप्तरास कुलूप लागून किल्ली नदीत पडल्यासारखे होईल.

निगेविषयी दोन शब्द. पावसाळ्यात यंत्र कपाटात कोंडून ठेवू नये. रोज थोडे चालविले म्हणजे त्याच्या उष्णतेने ओल सुटते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वीज कडाडू लागताच भिंतीतली पिन काढावी. बॅटरीची शक्ती साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण भरणांनंतर घटू लागते; म्हणून रात्रंदिवस पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा, यंत्रात सोय असल्यास, ८० टक्क्यांवर थांबवावी.

जुन्या संगणकाचे काय करावे, असे एका भगिनीने विचारले आहे. तीन प्रती सिद्ध होऊन पडताळून झाल्यावर त्याची चकती काढून घ्यावी व तिच्यावरील मजकूर कायमचा पुसावा. नुसते कचऱ्याच्या टोपलीत टाकल्याने तो पुसला जात नाही. मग स्वस्त एसएसडी व विनामूल्य लिनक्स प्रणाली घालून तो अभ्यासिकेत मुलांच्या मराठी टंकलेखनाच्या सरावासाठी द्यावा. पुढे तोही अगदी थकला म्हणजे भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे सोपवावा. त्यातील शिसे आपल्या वेण्णेच्या पाण्यात जाता कामा नये.

आता एक विनंती करून पुरे करतो. यंत्राचे पैसे जमतील; मुंबईकर बांधव आजवर कधी कमी पडलेले नाहीत. कमी आहे ती माणसांची. जुनी नावे तपासण्यास दर रविवारी दोन तास देणारे सहा तरुण-तरुणी आम्हास हवे आहेत. ज्या मुलीचा दाखला त्या रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिला, तिने पहिले नाव नोंदविले आहे. पाच जागा शिल्लक आहेत. आणि वडीलधाऱ्या मंडळींना विनंती अशी की, आपल्या ओटीवर हे पोरके दप्तर घेऊन कोणी आले, तर त्यास पाणी द्यावे, बसवून घ्यावे आणि आठवतील तेवढी नावे सांगावीत. आपण सांगितलीत तरच ती उरतील.